‘पाहा’ची कुळकथा

मराठी पुस्तकांची सूची करायला बसलेल्या माणसाला पहिल्यांदा छळतात ती टोपणनावं. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावानं लिहितात, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. माणूस एक, नावं तीन, आणि वाचक कुठलं नाव घेऊन येईल याचा नेम नाही. दादरचं 1898 सालचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय असो की गिरगावातलं एखादं खोलीभर वाचनालय, ग्रंथपालांच्या विद्येत यावर एक जुना तोडगा आहे: ‘गोविंदाग्रज – पाहा: गडकरी, राम गणेश’ असं कार्ड. त्या कार्डाच्या पोटी पुस्तक नसतं, फक्त दुसरं एक नाव असतं.

संगणकातली सिम्बॉलिक लिंक, रोजच्या बोलण्यातली सिमलिंक, ही याच कार्डाची सख्खी वंशज आहे असं माझं म्हणणं आहे. सिमलिंक म्हणजे एक चिमुकली फाइल. तिच्यात मजकूर नसतो, दुसऱ्या फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता लिहिलेला असतो. लालबागच्या एखाद्या मंडळानं वर्षावर्षाचे फोटो वेगळ्या फोल्डरांत ठेवावेत आणि ‘स्मरणिका’ फोल्डरात निवडक फोटोंच्या नुसत्या सिमलिंक कराव्यात, इतका साधा तिचा उपयोग. फोटो एकदाच साठतो, सापडतो दोन ठिकाणी.

पण माझ्या मताला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे: काळबादेवीच्या दुकानांत मिळणारी लाल कापडी बांधणीची वही. कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत, नोंद झाली की बाजूच्या अरुंद रकान्यात ‘खा. पा.’ म्हणजे खतावणीतलं, खात्यांच्या वहीतलं, खाते पान लिहायचं. तोही निर्देशच. कार्डांपेक्षा वह्या पुरातन, तेव्हा मूळपुरुष वहीच, असं कुणीही म्हणेल. मला ते पटत नाही. कीर्द नाव सांगत नाही, पानाचा आकडा सांगते, आणि तो आकडा त्याच खतावणीपुरता खरा. दुसऱ्या खतावणीचं 47 वं पान उघडलंत तर भलत्याचंच खातं निघेल. युनिक्स या संगणकप्रणालीत हा स्वभाव तंतोतंत सापडतो, तो हार्ड लिंकमध्ये. हार्ड लिंक फाइलचा अंतर्गत क्रमांक धरून ठेवते, म्हणून ती एका डिस्कवरून दुसरीकडे जाऊच शकत नाही. म्हणजे घराणी दोन झाली. आकडा धरणारं वहीचं, नाव धरणारं कार्डाचं.

कार्डाच्या घराण्याचे नियम ग्रंथपाल चार्ल्स कटरनं 1876 मध्ये अमेरिकेत छापले, आपल्याकडे ग्रंथपाल रंगनाथनांनी 1934 च्या आपल्या सूचीसंहितेत स्वतःच्या शिस्तीत बसवले. संगणकाकडे उडी पडली ती 1965 च्या अखेरीस. लास व्हेगासच्या परिषदेत डेली आणि न्यूमन या दोघांनी मल्टिक्स या यंत्रणेच्या फाइलव्यवस्थेवर निबंध मांडला. डिरेक्टरीतल्या नोंदी दोन प्रकारच्या, असं त्यांनी ठरवलं. एक फांदी, म्हणजे खरी फाइल. दुसरी लिंक, म्हणजे दुसऱ्या नोंदीकडे जा असं सांगणारी. मी चकित झालो ते पुढे. त्याच निबंधात बॅकअपचंही प्रकरण आहे. बदललेल्या फाइली तेवढ्या टेपवर उतरवून घेण्याची पद्धत त्यात मांडली आहे. सिमलिंक आणि बॅकअप, ज्यांचं आज एकमेकांशी पटत नाही, ती दोन्ही एकाच निबंधात शेजारी नांदत होती.

डेली-न्यूमनच्या डोक्यात ग्रंथालयाचं कार्ड होतं का? होतं, असंच मी धरून चालतो. मल्टिक्स एमआयटीतल्या ज्या प्रोजेक्ट मॅकमध्ये वाढलं त्याला पैसा आणि दिशा मिळवून देणारे लिकलायडर, आणि त्यांचं भविष्यातल्या ग्रंथालयांवरचं पुस्तक निघालं 1965 मध्येच. त्याच वर्षी एमआयटीत ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचा इंट्रेक्स प्रकल्पही उभा राहिला. हा पुरावा परिस्थितीजन्य आहे, कबूल. पण एकाच आवारात, एकाच वर्षी, इतकी माणसं सूचीचा विचार करत असताना ‘पाहा’ कुणाच्या मनात आलं नसेल, हे मानायला मी तयार नाही. प्रतिपक्ष म्हणतो, एकाच कामावरच्या माणसांना एकमेकांच्या फाइली वापरायच्या होत्या, लिंक त्या गरजेतून आली. असेलही. गरजेनं काय हवं ते कळतं, त्याचा घाट कसा असावा ते कुठून तरी उचलावं लागतं.

पुढे एक पिढी गळाली. मल्टिक्समधून बाहेर पडलेल्या थॉम्प्सन आणि रिची यांनी युनिक्समध्ये हार्ड लिंक तेवढी ठेवली. आमच्याकडे फाइलची सगळी नावं समान दर्जाची, हे रिची-थॉम्प्सननी 1974 च्या लेखात आवर्जून नोंदवलं आहे. गोविंदाग्रज आणि गडकरी यांत मूळ कोण हा प्रश्नच नाही. तत्त्व म्हणून सुंदर, पण डिस्का वाढल्या आणि एका डिस्कवरून दुसरीकडे बोट दाखवता येईना. शेवटी 1983 मध्ये बर्कलेच्या 4.2 बीएसडी या युनिक्सच्याच आवृत्तीनं सिमलिंक परत आणली.

तिच्याबरोबर कार्डाचे सगळे आजारही आले. पुस्तक बाद झालं तरी ‘पाहा’ खणात राहतं, तशी मूळ फाइल गेली तरी सिमलिंक लोंबकळत राहते. एका सूचीकारानं ‘केशवसुत पाहा दामले’ लिहावं, दुसऱ्या नियमावलीवर वाढलेल्यानं ‘दामले पाहा केशवसुत’ लिहावं, की वाचक दोन खणांत फिरत बसतो. संगणक असा फिरत बसू नये म्हणून 4.2 बीएसडीनं 8 उड्यांची मर्यादा घातली होती, आजच्या लिनक्सवर ती 40 आहे.

सिमलिंकचं बॅकअपशी का पटत नाही ते पाहायचं तर आता लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाऊन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणा. ती बहुधा एक्सफॅट या फाइलव्यवस्थेत फॉरमॅट केलेली निघते. हे घराणं 1977 च्या फॅटचं, पक्क्या वहीवाल्यांचं. नोंदीत नाव आणि डेटा जिथे सुरू होतो तो आकडा, बस्स. ‘पाहा’ लिहायला रकानाच नाही. जुन्या फॅटमध्ये तर दोन नोंदी एकाच आकड्यावर आल्या की तपासणीचा प्रोग्रॅम तो बिघाड समजतो. म्हणून अशा डिस्कवर आरसिंक हा फाइलींच्या प्रती उतरवणारा प्रोग्रॅम चालवला की सिमलिंकपाशी परवानगी नाही असा संदेश येतो आणि लोक उगाच पासवर्ड शोधत बसतात.

आरसिंक 1996 चं. त्याला छोटा ‘एल’ दिला तर कार्ड कार्ड म्हणूनच उतरतं (‘-ए’मध्ये तो आलाच), मोठा ‘एल’ दिला तर कार्डाच्या जागी अख्खं पुस्तक येतं, आणि नुसता ‘-आर’ दिला तर कार्ड वगळलं जातं. मोठ्या ‘एल’नं तीन गडकरी होतात. जागा तिप्पट लागते, आणि परत आणताना तिघांतला खरा कोण ते कळायला मार्ग नाही. तरीही कुणाला डिस्क दुसऱ्याच्या हाती द्यायची असेल तर मोठा ‘एल’च बरा, कारण घेणाऱ्याकडे आपली कपाटं नसतात. स्वतःच्या बॅकअपला मात्र ‘पाहा’ हे ‘पाहा’च राहिलं पाहिजे. त्यासाठी डिस्क लिनक्सवाल्यांनी एक्स्ट4 करावी, मॅकवाल्यांनी एपीएफएस. आणि पत्ता मुळापासून न लिहिता शेजारच्या फोल्डरापासून लिहावा, म्हणजे अख्खं कपाट हलवलं तरी तो जुळतो.

डिस्क एक्सफॅटच ठेवायची असेल तर सगळं एका टार फाइलीत, म्हणजे एकाच गाठोड्यात, बांधावं. टारमध्ये प्रत्येक नोंदीला प्रकाराचं चिन्ह असतं: साध्या फाइलला 0, हार्ड लिंकला 1, सिमलिंकला 2. दोन्ही घराणी तिथे शेजारी बसतात. फक्त जुन्या टारच्या रचनेत लिंकच्या पत्त्याला 100 बाइटच दिलेत, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा धरून, 3 बाइट खातं. ‘गोविंदाग्रज’ एकटाच 33 बाइटांचा. ‘../गडकरी/गोविंदाग्रज/वाग्वैजयंती’ हा पत्ता 86 बाइटांत बसतो, पुढे ‘आवृत्ती’ नावाचं फोल्डर जोडलं की 108 होतात. मराठी नावं असतील तर टारकडून 2001 ची पॅक्स रचना मागून घ्यावी. तिच्यात ही मर्यादा नाही.