एचआयव्हीबाधित गर्भवतीची शुश्रूषा

एचआयव्हीबाधित गर्भवतीची शुश्रूषा : मातेच्या रक्तातील विषाणू गर्भावस्थेत, प्रसूतिसमयी अथवा अंगावर पाजण्याच्या काळात अपत्याकडे संक्रांत होऊ नये आणि खुद्द मातेचेही आरोग्य अबाधित राहावे, यासाठी करावयाची वैद्यकीय व सामाजिक तजवीज. काहीच उपचार न झाल्यास शंभरांतील 15 ते 45 बालके बाधित होतात; योग्य उपचारांनी हे प्रमाण, स्तन्यपान चालू असतानाही, पाचाच्या आत येते.

झिडोव्ह्युडिन या विषाणूरोधी औषधाने मातेकडून बालकास होणारा संसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने घटतो, हे 1994 मध्ये सिद्ध झाले. 1999 मध्ये युगांडात याहून स्वस्त उपाय निघाला : कळा सुरू होताच मातेस नेव्हिरापिनची एक गोळी आणि बालकास जन्मापासून तीन दिवसांच्या आत त्याच औषधाची एक मात्रा. बालकास ही मात्रा सहा आठवडे रोज देण्याच्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इथिओपिया व युगांडाबरोबर पुण्याचे ससून रुग्णालयही होते. या साऱ्या उपायांत आईकडे मुख्यतः बाळाची वाहक म्हणूनच पाहिले गेले, हा आक्षेप रास्त होता. भारतात 2014 पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस त्रिविध औषधोपचार आजन्म देण्याचे धोरण अमलात आले, तेव्हा ही उणीव भरून निघाली. सध्या टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी रोज एक याप्रमाणे सरकारी एआरटी (विषाणूरोधी उपचार) केंद्रातून मोफत मिळते.

गर्भवतीची रक्ततपासणी नाव नोंदवतानाच होत असल्याने घरातील बाधा पुष्कळदा प्रथम तिच्याच नावे उघडकीस येते, आणि ती पतीकडून आलेली असली तरी बोल तिलाच लागतो. संमतीवाचून तपासणी करणे, निदानाचा बोभाटा करणे किंवा उपचार नाकारणे यांस 2017 च्या कायद्याने मनाई केली आहे. खाटेवर वा केसपेपरावर वेगळी खूण करणे हाही गुपित फोडण्याचाच प्रकार होय. मुलीने बाळंतपणास माहेरी जावे या आपल्याकडील रिवाजामुळे आणखी एक अडचण उभी राहते : सासरच्या तालुक्यातील केंद्रात नोंद असलेली स्त्री सातव्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात जाते, आणि गोळ्यांचा पुरेसा साठा व तिथल्या केंद्राच्या नावे चिठ्ठी बरोबर दिली नसेल तर ऐन मोक्याच्या वेळी औषध खंडित होते. यासाठी समुपदेशक बाई तिला आधीच विचारून ठेवतात, ‘माहेरी कुणाला माहीत आहे?’

प्रसूती नैसर्गिक मार्गाने होऊ द्यावी. पाणमोट विनाकारण फोडू नये. शस्त्रक्रिया प्रसूतिशास्त्राच्या अन्य कारणांसाठीच करावी. जन्मानंतर बालकास किमान सहा आठवडे प्रतिबंधक औषध देतात. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे, आणि निव्वळ या शब्दाचा अर्थ घरातील वडीलधाऱ्यांनाही समजावून द्यावा लागतो. कारण मधाचे बोट, सहाणेवर उगाळलेली घुटी, उन्हाळ्यात चमचाभर पाणी, ही मायेने दिलेली मिश्रणे अर्भकाच्या नाजूक आतड्यास अपाय करून विषाणूस वाट मोकळी करतात.

आईची प्रतिपिंडे बालकाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत टिकू शकत असल्याने नेहमीची चाचणी या काळात निर्णायक ठरत नाही. म्हणून सहाव्या आठवड्यात टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवून विषाणूच्या जनुकीय तपासणीस पाठवतात. अंतिम निर्णय अठराव्या महिन्यानंतरच्या तपासणीवर होतो. बाळ निर्दोष ठरताच केंद्रात येणे थांबवणाऱ्या माता आढळतात. त्यांचा पाठपुरावा करणे हेही या शुश्रूषेचेच अंग आहे.