फीचा हिशेब : १९२७ ते आज

चवदार तळ्याची तारीख आपल्याला पाठ आहे. २० मार्च १९२७. त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबई कौन्सिलात शिक्षणखात्याच्या खर्चावर बोलले, ते कुणी सांगत नाही. त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढं टाकले. कला महाविद्यालयांचा ३६ टक्के खर्च पोरांच्या फीतून निघतो, हायस्कुलांचा ३१ टक्के. हा शिक्षणाचा व्यापार आहे, असं त्यांनी तिथंच सुनावलं. माणशी १४ आणे शिक्षणावर घालता अन् आबकारीतून माणशी दोन रुपयांवर उकळता, निदान तेवढं तरी परत द्या! हे देवाणघेवाणीचं खातं नव्हे.

त्याआधी १८८२ साली जोतीराव हंटर कमिशनला हेच सांगत होते. कर भरायचा कुणब्यानं, शिकायचं वरच्यांच्या पोरांनी.

१९४६ ला सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादचं कॉलेज (पुढचं मिलिंद) निघालं. भारत सरकारची शिष्यवृत्ती होती. त्या फटीतून आपली पहिली पिढी बाहेर पडली.

मग गंमत बघा. १९२७ चं ते भाषण महाराष्ट्र सरकारनंच १९८२ साली दुसऱ्या खंडात छापलं. आणि १९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. साखरसम्राट शिक्षणसम्राट झाले. म्हणजे खाजगीकरण इथं १९९१ च्या आधीच आलं होतं. १९९१ नं त्याला फक्त पोथी दिली. २००० साली बिर्ला-अंबानी अहवालानं ती उघड वाचली : उच्च शिक्षण खाजगीवाल्यांकडं द्या, शिकेल त्यानं पैसे मोजावेत. अहवाल लिहिणारे कोण, तर कारखानदार!

२००५ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, विनाअनुदानित कॉलेजांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही. त्यावर ९३ वी घटनादुरुस्ती करावी लागली. जागा मिळाली, पण फीचं काय? शिष्यवृत्तीचा हप्ता रखडला की कॉलेजवाला आमच्या पोराच्या मागं लागतो, सरकारच्या नाही. कायम प्राध्यापक नेमायचेच नाहीत, तासिकेवर भागवायचं, म्हणजे राखीव पदंही कागदावरच.

दोस्तांनो, बाबासाहेबांनी ३६ टक्क्यांवर सरकारला धरलं होतं. आपापल्या कॉलेजात जाऊन विचारा, खर्चातला फीचा वाटा किती. आकडा लेखी घ्या.