गरोदरपणाचा तिसरा महिना : चोरचोळी आणि बारावा आठवडा

तिसरा महिना आपल्याकडे गुपचूप जातो. दिवस गेल्याचे सासूला माहीत असते, माहेरी फोन गेलेला असतो, पण शेजारी मात्र 'तिसरा सरल्यावर' सांगायचे. याच महिन्यात चोरचोळी किंवा चोरओटी करतात. घरातल्या दोघी-तिघी सुवासिनी, हिरवी चोळी, ओटीत तांदूळ आणि नारळ, आणि बाहेर कुठे बोलायचे नाही. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाचा थाट इथे नसतो. शेजारच्या तेलुगू घरांतले सीमंतमही बरेच पुढचे.

ही गुप्तता उगीच आलेली नाही. गर्भपात होतात ते बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच, आणि दहा गरोदरपणांत एक ते दोन असे संपतात. मोठे कारण म्हणजे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष. बाईने घागर उचलली किंवा एस.टी.ने पांढरकवड्याला जाऊन आली म्हणून नव्हे. लोकांच्या तोंडी लागण्यापेक्षा गप्प राहिलेले बरे, असे जुन्या बायकांना वाटले असेल तर त्यात आम्हाला चूक दिसत नाही. अडचण एकच आहे. गाव आणि आशाताई या दोघांपासून गोष्ट सारखीच लपवली जाते.

हिशेब करून पाहू. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. आपण चांद्रमासाने मोजतो, आणि तो साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. तीन महिने म्हणजे 88-89 दिवस, म्हणजे बारा आठवडे आणि चार-पाच दिवस. सरकारी दवाखान्यात नोंदणी आणि पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत व्हावी लागते. 'तिसरा सरल्यावर जाऊ' म्हणणारी बाई त्यामुळे नेमकी थोडक्यात चुकते. 'तिसरा लागला' आणि 'तिसरा सरला' यांत चार आठवड्यांचा फरक आहे, तोही नर्सबाईंना सांगताना गडबडतो. तारीख आठवत नसेल तर सण आठवा: पोळ्याच्या आदल्या दिवशी, दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी. मराठी आणि तेलुगू पंचांगांचे महिने एकच, त्यामुळे तेलुगू नर्सलाही त्यावरून तारीख काढता येते.

या आठवड्यांत शरीरात काय चाललेले असते? गर्भ बाराव्या आठवड्यात डोक्यापासून बुडापर्यंत साधारण साडेपाच सेंटिमीटरचा असतो. हातापायांची बोटे सुटी झालेली असतात. सगळे अवयव तिसऱ्या महिन्यात एकदम प्रकट होतात असे चरकसंहितेत म्हटले आहे, आणि आई व गर्भ अशा दोन हृदयांच्या इच्छेची कल्पनाही तिथेच येते. डोहाळे हा शब्द तिच्यातूनच आला. मळमळ नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्यांपर्यंत बहुतेकींची ओसरते. तोवर उठण्याआधी कोरड्या भाकरीचा तुकडा किंवा मूठभर मुरमुरे खावेत, दर दोन तासांनी थोडे थोडे पोटात घालावे, फोडणीच्या धुरापासून दूर बसावे. पाणीही टिकत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल तर मात्र ती नेहमीची मळमळ नव्हे. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात अशी बाई दोन दिवसांत खचते. सलाईन लागते, घरी थांबू नये. पाटीची पेन्सिल किंवा माती खावीशी वाटणे हेही डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नये. पुष्कळदा ते रक्त कमी असल्याचे लक्षण असते. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या वर हवे.

पहिल्या तपासणीत रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, लघवी पाहतात, धनुर्वाताची सुई देतात. फॉलिक अॅसिडची गोळी याच काळात कामाची. लोहाच्या गोळ्या बहुधा चौथ्या महिन्यापासून सुरू होतात. सोनोग्राफीने दिवस सर्वांत अचूक कळतात ते याच आठवड्यांत. मुलगा की मुलगी हे विचारणे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पुंसवनाच्या नावाखाली मिळणाऱ्या पुड्यांनी ते बदलतही नाही.

आपल्या भागात आणखी एक तपासणी आवर्जून मागून घ्यावी: सिकलसेलची. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, आदिवासी आणि इतरही समाजांत हा आजार आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि दोघेही दिसायला धडधाकट असतात. गर्भाची तपासणी अकराव्या आठवड्यापासून करता येते, पण ती मोठ्या शहरांतच. म्हणून रक्त आधी द्यायला हवे, नवऱ्यानेही. 'मला काय झालंय' म्हणून तो मागे राहतो, हे आम्ही आपल्याच घरांत पाहिले आहे.

शेतातले एक काम मात्र पूर्ण बंद: कपाशीवरची फवारणी, औषध कालवणे आणि फवाऱ्याचे कपडे धुणे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ती बातमी अजून सगळ्यांना आठवते. वेचणी, निंदण, घरकाम हे डॉक्टरांनी मना केले नसेल तर झेपेल तेवढे चालते.

रक्ताचा डाग दिसला तर घाबरून जाऊ नये, पण दाखवावे. जास्त रक्त, पोटात कळा, चक्कर, ताप असेल तर लगेच 108 ला फोन करावा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावी, कारण तिच्यासाठी वेगळे इंजेक्शन असते. गर्भ पडलाच तर घरच्यांनी 'काय खाल्लं होतंस?' असे विचारू नये.

किनवट, वणी, राजुऱ्याकडून इकडे सून म्हणून आलेल्या मुलींना कार्डावरचे तेलुगू वाचता येत नाही. आशाताईकडून प्रत्येक रकाना मराठीत समजून घ्या आणि कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना तेच कार्ड तिकडच्या दवाखान्यात दाखवायचे असते. अंगणवाडीतला एका वेळचा जेवणाचा, अंड्याचा आणि दुधाचा हक्कही नाव नोंदवल्यावर सुरू होतो. चोरचोळीच्या दिवशी आशाताईला ओटी भरायला बोलावले तर नोंदणीही त्याच दिवशी होते. ती गावात कुणाला सांगणार नाही, एवढे तिच्याकडून आधी कबूल करून घ्यावे.