न दिसणारी आकडी: नवजात मेंदू आणि अल्गोरिदमचा इतिहास

नवजात बालकाला आलेली आकडी, म्हणजेच मेंदूतील झटका, डोळ्यांना दिसेलच असे नाही. कधी नजर एका बाजूला खिळते, कधी ओठ चोखल्यासारखे हलतात. पुष्कळदा बाह्यतः काहीच घडत नाही. आयर्लंडमधील कॉर्क येथे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ईईजीवर ५२६ झटके नोंदले गेले. अतिदक्षता कक्षातील कर्मचाऱ्यांनी त्यांतील अवघे ४८ ओळखले होते.

मानवी मेंदूच्या विद्युत्‌लहरी हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये प्रथम टिपल्या. प्रश्न उरला तो हा की, रात्रंदिवस तो आलेख वाचणार कोण? १९६०च्या दशकाअखेर लंडनमध्ये मेनार्ड आणि प्रायर यांनी तासन्‌तासांचा आलेख एका अरुंद पट्टीत बसवला; मात्र अल्पकाळाचे झटके तीत हरवत.

१९९२ मध्ये अमेरिकेतील लिऊ व सहकाऱ्यांनी एका साध्या गुणधर्माचा आधार घेतला: झटक्याच्या वेळी लहर लयबद्ध होते, स्वतःचीच पुनरावृत्ती करते. लहर थोडी सरकवून तिची तिच्याशीच तुलना केली, की ही लय गणिताने पकडता येते. १९९७ मध्ये माँट्रियलच्या जाँ गॉटमन यांनी ही दिशा पुढे नेली. त्यानंतर कॉर्कच्या संशोधकांनी नियम लिहून देण्याऐवजी यंत्राला उदाहरणांवरून शिकवले.

या अल्गोरिदमची रुग्णालयांतील चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. झटके येणारी बालके ओळखण्यात लक्षणीय फरक पडला नाही. परंतु झटक्यांचे तास अचूक ओळखण्याचे प्रमाण ४५.३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. यंत्र तज्ज्ञाहून शहाणे ठरले नाही; त्याने पहारा सातत्याने दिला, एवढेच.

आणि यंत्राचे गुरू तरी एकमताचे कुठे आहेत? हेलसिंकीच्या खुल्या विदासंचात ७९ बालकांचे आलेख तीन तज्ज्ञांनी तपासले. ३९ बालकांना झटके आहेत आणि २२ बालकांना नाहीत, यावर एकमत झाले. उरलेल्या १८ बालकांबाबत झाले नाही.

आपल्यासाठी धडा याहून जवळचा आहे. जन्मतः गुदमरलेल्या बालकांना थंडावा देण्याचा उपचार श्रीमंत देशांत उपकारक ठरला होता. मुंबईचे शीव रुग्णालय आणि दिल्लीचे मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालय ज्यांत सहभागी होते, त्या २०२१ च्या ‘हेलिक्स’ चाचणीत मात्र थंडावा दिलेल्या ४२ टक्के बालकांचा मृत्यू झाला. न दिलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. म्हणूनच परदेशी बालकांच्या आलेखांवर शिकलेला अल्गोरिदम आपल्या पाळण्याशेजारी ठेवण्यापूर्वी आपल्याच बालकांवर पारखून घेतला पाहिजे.