स्वित्झर्लंडची शेती आणि उद्योग : परस्परावलंबनाचा इतिहास

प्रस्तावना

सुमारे ४१ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या स्वित्झर्लंडला समुद्रकिनारा नाही. देशाचा मोठा भाग आल्प्स व जुरा या पर्वतरांगांनी व्यापलेला असून कोळशाचे साठे नगण्य आणि पिकाखालील जमीन मर्यादित आहे. तरीही १९ व्या शतकाच्या प्रारंभीच येथे यंत्रोद्योग रुजला. या उद्योगाचे मूळ डोंगरी शेतीच्या अपुरेपणात होते आणि पुढे उद्योगसंपन्न समाजानेच ती शेती टिकवून धरली, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शेतकऱ्याच्या घरातील उद्योग

दीर्घ हिवाळ्यामुळे शेतीची कामे कित्येक महिने बंद असत. त्यामुळे १८ व्या शतकात झुरिचचा डोंगराळ प्रदेश, सेंट गालेन, आपेनझेल व ग्लारुस येथील शेतकरी कुटुंबे घरीच सूत कातू व कापड विणू लागली. व्यापारी कच्चा माल पुरवीत आणि तयार माल उचलीत. जुरा पर्वतात घड्याळांचे सुटे भाग याच पद्धतीने तयार होत. शेताचा आधार असल्याने कारागीर अल्प मजुरीत काम करी आणि मजुरी मिळत असल्याने लहानशा शेतावरही कुटुंब तग धरी.

यंत्रांचे आगमन व संघर्ष

१८०१ मध्ये सेंट गालेन येथे पहिली यांत्रिक सूतगिरणी सुरू झाली. १८०६ पासून नेपोलियनने इंग्लंडच्या मालावर घातलेल्या बंदीमुळे इंग्रजी सुताची स्पर्धा रोखली गेली, तर कोळशाची उणीव वेगवान नद्यांच्या जलशक्तीने भरून काढली. घरगुती सूतकताई लयास गेली. यंत्रमाग आल्यावर हातमाग विणकरांवरही तेच संकट ओढवले. २२ नोव्हेंबर १८३२ रोजी उस्टर येथे संतप्त विणकरांनी विणकामाचा कारखाना जाळला. त्यांना कठोर शिक्षा झाल्या. यंत्रे मात्र थांबली नाहीत. पुढे ग्लारुसने १८६४ मध्ये कारखान्यातील कामाचा दिवस १२ तासांवर आणला, तर १८७७ च्या संघीय कायद्याने तो ११ तासांवर आणून १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात काम करण्यास मनाई केली.

या गिरण्यांना कापूस समुद्रापलीकडून आणावा लागे. १८५१ मध्ये विंटरथूर व मुंबई येथे एकाच वेळी स्थापन झालेल्या व्होल्कार्ट ब्रदर्स या पेढीने भारतीय कापसाच्या निर्यात व्यापारात मोठे स्थान मिळविले. १९५४ मध्ये टाटांच्या सहभागाने स्थापन झालेल्या व्होल्टास कंपनीच्या नावात या पेढीची खूण आहे.

धान्याकडून दुधाकडे

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे व आगबोटींमुळे स्वस्त परदेशी धान्य येऊ लागले. स्विस शेतकऱ्यांनी धान्याची शेते कमी करून कुरणे वाढविली व दुग्धव्यवसाय स्वीकारला. १८६६ मध्ये खाम येथे आटीव दुधाचा कारखाना निघाला. १८६७ मध्ये व्हेव्हे येथे हेन्री नेस्ले यांनी बालकांसाठी दुधाचे पीठ तयार केले. या दोन कंपन्यांचे १९०५ मध्ये विलीनीकरण झाले. व्हेव्हे येथेच डॅनियल पीटर यांनी १८७५ मध्ये दुधाचे चॉकलेट बनविले. अशा प्रकारे शेती स्वतःच उद्योगाचा कच्चा माल पुरवू लागली.

आयात धान्यावरील अवलंबनाचा धोका दुसऱ्या महायुद्धात जाणवला. १९४० मध्ये फ्रीड्रिश वालेन यांनी मांडलेल्या योजनेनुसार उद्याने व क्रीडांगणेही लागवडीखाली आणली गेली. पूर्ण स्वयंपूर्णता साधली नाही, परंतु बटाटे व भाजीपाला यांचे रेशनिंग करावे लागले नाही.

समारोप

आज राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. तथापि, ९ जून १९९६ च्या सार्वमताने अन्नपुरवठ्याबरोबरच निसर्गसाधनांचे जतन व विकेंद्रित वस्ती यांसाठी शेतीला संविधानात स्थान दिले आणि सरकार शेतकऱ्यांना थेट अनुदान देते. ज्या शेतीच्या आधारावर उद्योगाला स्वस्त श्रम मिळाले, तिचा भार आता उद्योगप्रधान समाज उचलीत आहे. उस्टरच्या विणकरांना मात्र असे संरक्षण लाभले नाही. औद्योगिक प्रगतीची किंमत कोणी चुकविली, हा प्रश्न म्हणूनच या यशस्वी अर्थव्यवस्थेच्या अभ्यासातही टाळता येत नाही.