आयात पिस्तुले आणि अमेरिकी कायदा : बंदरापुरते बंधन

अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर, २२ ऑक्टोबर १९६८ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ‘गन कंट्रोल ॲक्ट’वर स्वाक्षरी केली. क्रीडोपयोगी नसलेल्या शस्त्रांची आयात या कायद्याने निषिद्ध ठरविली. पिस्तुलांसाठी गुणांकन पद्धती योजण्यात आली. लांबी, वजन, नेम साधण्याची सोय इत्यादींचे किमान ७५ गुण आवश्यक ठरले. जर्मन ‘वाल्थर पीपीके’ आकाराच्या अटीत बसेना; म्हणून उत्पादकाने उंच सांगाड्याचे ‘पीपीके/एस’ काढले. ऑस्ट्रियाच्या ‘ग्लॉक’ने नेम कमीजास्त करता येणारे साधन बसवून गुण मिळविले व आयातीनंतर ते बदलण्याची वाट अवलंबिली.

हा बदल कायदेशीर कसा? आयात भागांच्या जुळणीवर निर्बंध घालणारे १९९० चे कलम ९२२(आर) केवळ रायफली व शॉटगन यांनाच लागू आहे. पिस्तुलांचा त्यात उल्लेख नाही. तथापि ही मोकळीक अमर्याद नाही. आखूड नळीच्या पिस्तुलास खांद्याला टेकविण्याचा दस्ता जोडावयाचा असल्यास १९३४ च्या ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’नुसार पूर्वपरवानगी व नोंदणी अनिवार्य ठरते.

आयातीस अपात्र ठरलेले ‘पीपीके’ १९८० च्या दशकात अमेरिकेतच तयार होऊ लागले. रॉबर्ट केनेडींवर ज्यातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते रिव्हॉल्व्हरही अमेरिकी बनावटीचेच होते. सारांश, क्रीडोपयोगितेची ही कसोटी शस्त्राच्या घातकतेपेक्षा त्याच्या उगमस्थानालाच अधिक लागू पडली.