सफाई कामगारांचे आरोग्य : आजार घाणीचा की कंत्राटाचा?

कामाची परिस्थिती आणि आरोग्य हा प्रश्न आंबेडकरी चळवळीला नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कायदा दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले, त्यामागे त्यांचे काम होते.

आज हाच प्रश्न सर्वात तीव्रतेने दिसतो तो सफाई कामात. या कामात आजही बहुसंख्येने दलित समाजच आहे.

आजार कसे होतात?

बंद गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड, मिथेन यांसारखे वायू साठतात आणि ऑक्सिजन कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा असतो, पण प्रमाण वाढले की नाकाला तो वास येणेच बंद होते. त्यामुळे "वास येत नाही, म्हणजे धोका नाही" हा समज जीवघेणा ठरतो. आत पडलेल्याला वाचवायला उतरणारा दुसरा कामगारही अनेकदा मरतो.

रस्ता झाडणाऱ्या आणि कचरा उचलणाऱ्या कामगारांचे आजार हळूहळू वाढतात. धुळीमुळे दमा व खोकला, ओझ्यामुळे पाठ आणि गुडघे, कचऱ्यातल्या सुया-काचांच्या जखमा, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस. महिला कामगारांना कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसते, म्हणून त्या पाणी कमी पितात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होतो.

व्यसनाबद्दलही बोलले पाहिजे. घाणीत उतरण्याआधी दारू घेणारे कामगार आहेत, कारण शुद्धीत ते काम सहन होत नाही. पाचवे शील सांगताना ही परिस्थितीही बदलायची आहे, हे आपण विसरू नये.

कंत्राटामुळे काय होते?

एकाच रस्त्यावर एकच काम करणाऱ्या कायम आणि कंत्राटी कामगारांच्या तब्येतीत फरक पडतो, तो कामाच्या अटींमुळे. कंत्राटी कामगाराला सहसा भरपगारी आजारपणाची रजा मिळत नाही. खाडा झाला की पगार कापला जातो, म्हणून तो ताप असतानाही हजेरी लावतो. हातमोजे, गमबूट वेळेवर मिळत नाहीत. मागितले तर उद्यापासून येऊ नको, असे ऐकावे लागते. कंत्राटदार बदलला की जुन्या नोकरीची नोंदच राहत नाही. अपघात झाला की कंत्राटदार आणि पालिका एकमेकांकडे बोट दाखवतात.

मात्र लढून हे बदलता येते. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा २०१४ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कायम ठेवला. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा दिला.

कायदा काय सांगतो?

• हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईलाही मनाई करतो. ही मनाई पालिका, कंत्राटदार, खासगी सोसायटी अशा सर्वांना लागू आहे.
• धोकादायक सफाईसाठी माणूस लावल्यास पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.
• गटारातील मृत्यूसाठी भरपाई २०१४ च्या निकालाने १० लाख रुपये होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती ३० लाख केली. कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख आणि इतर अपंगत्वासाठी किमान १० लाख.
• अनुसूचित जातीच्या व्यक्तीला हे काम करायला लावणे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

भरपाईची प्रकरणे बहुतेक वेळा पुराव्याअभावी अडतात. म्हणून दुर्घटनेची वाट न पाहता वस्तीतल्या कामगारांची कागदपत्रे आत्ताच जमवा : ओळखपत्र, हजेरीची नोंद, बँकेत जमा झालेला पगार, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयचे क्रमांक. जखम झाली तर सरकारी रुग्णालयातील केसपेपरवर "कामावर असताना" ही नोंद करून घ्या. मृत्यू झाल्यास पोलिसांनी केवळ अपघाती मृत्यूची नोंद केली असेल, तर २०१३ च्या कायद्याची कलमे लावण्याचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत : कामगाराच्या शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, वेळोवेळी विश्रांती देणे. काम करवून घेणाऱ्याने ही कर्तव्ये पाळणे हाही सम्यक आजीविकेचाच भाग आहे. त्याची सुरुवात आपल्या दारातून करता येते. आपल्या सोसायटीचा किंवा विहाराचा सेप्टिक टँक भरला, तर सक्शन गाडी बोलवा. टाकीत माणूस उतरवू देऊ नका.